अल्फा म्हणजे १/१३७: सूक्ष्म रचना स्थिरांकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि नुसत्या हौसेने वाचणारे लोक अल्फाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अवघड नंतर, असा क्रम आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सूत्रांमध्ये ^ हे चिन्ह घातासाठी वापरलं आहे.

१. अल्फा म्हणजे नेमकं काय? एका वाक्यात सांगा.

वीजभारित कण आणि प्रकाश यांच्यातली आंतरक्रिया किती जोरदार आहे, हे सांगणारी शुद्ध संख्या म्हणजे अल्फा. तिची किंमत सुमारे ०.००७२९७, म्हणजे जवळजवळ १/१३७. ही संख्या लहान आहे, म्हणून अणू त्यांच्या केंद्रकाच्या मानाने इतके ऐसपैस आहेत आणि हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा खूप हळू फिरतो. आपल्या शरीरातला प्रत्येक रासायनिक बंध, डोळ्यांत शिरणारा प्रकाश, टेबलाचा टणकपणा, या सगळ्यांच्या मुळाशी हाच आकडा आहे.

२. नावातली 'सूक्ष्म रचना' कसली?

वर्णरेषांची. हायड्रोजनच्या वर्णपटातली ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा चांगल्या उपकरणातून पाहिली, तर ती एक नसून जवळजवळच्या रेषांची जोडी असल्याचं दिसतं. त्यांच्यातलं अंतर सुमारे ०.०१४ नॅनोमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या पन्नास हजाराव्या भागाच्या आसपास. मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्येच ही जोडी पाहिली होती. पण ती का पडते, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

ते उत्तर म्युनिकच्या आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९१६ मध्ये दिलं. बोर यांनी मांडलेल्या, ठरावीक कक्षांच्या अणूला त्यांनी आइनस्टाइनची सापेक्षता जोडली आणि गणितातून एक संख्या बाहेर पडली: पहिल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनचा वेग भागिले प्रकाशाचा वेग. तिला त्यांनी अल्फा हे अक्षर दिलं. रेषांमधली फट या संख्येच्या वर्गावर अवलंबून असते. पुढे १९२८ मध्ये डिरॅक यांच्या समीकरणातून इलेक्ट्रॉनच्या स्पिनसकट (त्याच्या अंगभूत कोनीय संवेगासकट) याचं खरं कारण कळलं, पण अक्षर आणि नाव दोन्ही टिकून राहिले.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ज्यांनी स्पेक्ट्रोमीटर आणि ग्रेटिंग घेऊन सोडियमच्या दिव्याचा प्रयोग केला आहे, त्यांनी याच जातीची फट डोळ्यांनी पाहिली आहे. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या त्या दोन पिवळ्या रेषा इलेक्ट्रॉनचं स्पिन आणि त्याचं कक्षीय भ्रमण यांच्या परस्परक्रियेतून पडतात. सोडियमच्या केंद्रकाचा प्रभार हायड्रोजनपेक्षा जास्त, म्हणून फट मोठी आणि साध्या ग्रेटिंगलाही दिसणारी. पहिल्या क्रमाच्या प्रतिमेत ती जेमतेम दिसते. दुसऱ्या क्रमात टेलिस्कोपचा स्क्रू हळूहळू फिरवला की दोन रेषा स्वच्छ वेगळ्या होतात. मला आजही हा पदवीच्या अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

३. सूत्र काय आहे? वहीत किंमत काढून पाहता येईल का?

येईल, आणि प्रत्येकाने एकदा तरी काढावीच. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग घ्या आणि त्याला ४ × पाय × एप्सायलॉन नॉट (पोकळीचा विद्युत स्थिरांक) × एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) × प्रकाशाचा वेग या गुणाकाराने भागा.

प्रभार १.६०२ × १०^−१९ कूलोम, त्याचा वर्ग २.५६७ × १०^−३८. छेदातल्या ४ × पाय × एप्सायलॉन नॉटची किंमत १.११२७ × १०^−१०. एच-बार म्हणजे १.०५४६ × १०^−३४, त्याला २.९९७९ × १०^८ ने गुणलं की ३.१६१५ × १०^−२६. संपूर्ण छेद ३.५१७७ × १०^−३६ होतो. भागाकार: ०.००७२९७. व्यस्त घेतला की १३७.०४ च्या जवळपास येतो.

आता एककं तपासा. अंशात कूलोमचा वर्ग आहे, छेदातही कूलोमचा वर्ग आहे. ज्यूल, सेकंद, न्यूटन, मीटर हे सगळं एकमेकांत कटतं आणि मागे काहीच उरत नाही. चार अगदी वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या राशी एकत्र येतात आणि नुसता आकडा राहतो.

४. एकक नाही, यात एवढं विशेष काय?

प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर आहे, असं आपण म्हणतो तेव्हा त्या आकड्यात आपण ठरवलेला किलोमीटर आणि आपण ठरवलेला सेकंद मिसळलेले असतात. मैल आणि तास वापरले की आकडा बदलतो. अल्फाचं तसं नाही. मीटर घ्या, फूट घ्या, दूरच्या एखाद्या ग्रहावरच्या जिवांनी त्यांची स्वतःची मापं घ्यावीत, उत्तर १/१३७.०३६ च येणार. म्हणजे या आकड्यात माणसाने ठरवलेलं काहीच नाही. तो निसर्गाचा आहे.

५. अल्फा कण, रोधाच्या तापमान गुणकातला अल्फा, तापीय प्रसरणाचा अल्फा, हे सगळे एकच का?

नाही. ग्रीक अक्षरं मोजकी आणि राशी पुष्कळ, म्हणून तेच अक्षर अनेक ठिकाणी येतं. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक. इतर दोन गुणक पदार्थागणिक बदलतात. गणितात फायगेनबाउम यांचा २.५०२९ हा स्थिरांकही अल्फाच, त्याचा याच्याशी संबंध नाही. या पानावर अल्फा म्हणजे फक्त सूक्ष्म रचना स्थिरांक.

६. अणूमध्ये अल्फा कुठे कुठे दिसतो?

हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या पातळीतल्या इलेक्ट्रॉनचा वेग अल्फा × प्रकाशवेग, म्हणजे सेकंदाला सुमारे २,१९० किलोमीटर. बारावीत पाठ केलेली १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ही ऊर्जासुद्धा अल्फातून येते. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा ५,११,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट. तिला अल्फाच्या वर्गाने गुणा आणि निम्मं करा, १३.६ हजर.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीन लांब्यांची. बोर त्रिज्या ५.२९ × १०^−११ मीटर. तिला अल्फाने गुणलं की ३.८६ × १०^−१३ मीटर, ही इलेक्ट्रॉनची लघुकृत कॉम्प्टन तरंगलांबी. पुन्हा अल्फाने गुणलं की २.८२ × १०^−१५ मीटर, ही इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या. पहिली अणूचं आकारमान सांगते, दुसरी क्ष-किरणांच्या विकिरणाच्या प्रयोगातून आली, तिसरी जुन्या विद्युतशास्त्रातून. तिघींच्या मधली पायरी दोन्ही वेळा तीच, १/१३७.

७. सोन्याचा पिवळा रंग अल्फामुळे आहे, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे. जड अणूच्या अगदी आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग साधारणपणे अणुक्रमांक × अल्फा × प्रकाशवेग एवढा असतो. सोन्याचा अणुक्रमांक ७९, म्हणून प्रकाशाच्या ५८ टक्क्यांच्या आसपास. चांदीचा ४७, म्हणून ३४ टक्के. एवढ्या वेगाला सापेक्षतेचे परिणाम दुर्लक्षून चालत नाहीत. सोन्यात सर्वांत बाहेरची कक्षा आकसते, तिच्या आतली थोडी वर सरकते, आणि दोघींमधलं ऊर्जेचं अंतर इतकं कमी होतं की निळा प्रकाश शोषला जातो. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. चांदीत हेच अंतर मोठं आहे, शोषण अतिनील भागात होतं, म्हणून ती पांढरी. अल्फा बराच लहान असता तर सराफाच्या दुकानात सोनं आणि चांदी रंगावरून ओळखता आली नसती. पारा नेहमीच्या तापमानाला द्रव असण्यातही याच परिणामाचा मोठा वाटा आहे.

८. व्यस्त बरोबर १३७ आहे की दशांशात काही उरतं?

उरतं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार किंमत १३७.०३५९९९१७७ आहे आणि शेवटच्या दोन अंकांत २१ इतकी अनिश्चितता आहे.

पूर्णांकाचा मोह मात्र फार जुना आहे. आर्थर एडिंग्टन हे थोर खगोलशास्त्रज्ञ. १९१९ च्या ग्रहणात आइनस्टाइनचा सिद्धान्त तपासणाऱ्या मोहिमेचे ते नेते. १९२९ च्या सुमारास त्यांनी असा युक्तिवाद मांडला की अल्फाचा व्यस्त १३६ च असला पाहिजे, कारण १६ × १६ च्या सममित सारणीत १३६ स्वतंत्र घटक असतात. मोजमापं १३७ कडे झुकू लागली तेव्हा त्यांनी आणखी एक मिळवण्याचं कारण शोधलं. आज १३७ नंतरचे दशांश इतके पक्के मोजले गेले आहेत की पूर्णांकाला जागाच उरलेली नाही.

९. 'पाय' जसा गणिताने काढता येतो, तसा अल्फा का काढता येत नाही?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते या विषयाचा गाभाही हाच.

'पाय' वर्तुळाच्या व्याख्येतच बसलेला आहे. कागद-पेन्सिल आणि पुरेसा वेळ असला की त्याचे हवे तितके दशांश निघतात, जगात काही मोजावं लागत नाही. चौदाव्या शतकात केरळच्या माधवाने अनंत श्रेणीतून तो काढला. आज संगणक अब्जावधी अंक काढतात. अल्फाचा एकेक अंक मात्र प्रयोगशाळेत मिळवावा लागतो. कणांच्या प्रमाण सिद्धान्तात (स्टँडर्ड मॉडेलमध्ये) तो बाहेरून घातलेला आकडा आहे. सिद्धान्त त्याला वापरतो, पण तो एवढाच का, हे सांगत नाही.

सूत्रं शोधणारे पुष्कळ झाले. स्विस गणिती आर्मांड वायलर यांनी १९६९ मध्ये पायच्या घातांतून १३७.०३६०८ काढून दाखवले. त्या वेळच्या मोजमापाशी ते फार सुंदर जुळले होते. आजच्या किमतीशी फरक ०.००००८ चा आहे, आणि तो आजच्या अनिश्चिततेच्या हजारो पट मोठा आहे. मायकेल आटिया यांच्यासारख्या दिग्गज गणितज्ञानेही २०१८ मध्ये अल्फा काढल्याचा दावा केला. तो तज्ज्ञांनी स्वीकारला नाही.

या सगळ्यात एक जुना लेख आवर्जून आठवावा असा. १९३१ मध्ये बेक, बेटे आणि रिट्झलर या तीन तरुणांनी एका जर्मन विज्ञान नियतकालिकात, २ × १३७ वजा १ बरोबर २७३ असं दाखवून अल्फाचा संबंध निरपेक्ष शून्याच्या उणे २७३ अंशांशी जोडला. ते एडिंग्टन यांच्या पद्धतीचं विडंबन होतं, पण संपादकांनी ते गांभीर्याने छापलं. चूक कुठे आहे ते प्रश्न ४ वाचलेल्याच्या लगेच लक्षात येईल. २७३ हा आकडा सेल्सिअस अंशातला आहे, पाणी कुठे गोठतं आणि कुठे उकळतं यावर ठरलेला. एकक असलेल्या आकड्यावरून एककरहित संख्या सिद्ध होत नाही. तुमच्याकडे एखादं नवं सूत्र आलं, तर पहिली चाचणी हीच लावा. दुसरी चाचणी अशी: सूत्र सर्व दशांशांपर्यंत जुळतं का, आणि ते तसंच का असावं याचं भौतिक कारण लेखकाने दिलं आहे का? चार-पाच स्थिरांक आणि मोकळे घात हाताशी असले, तर कुठलीही संख्या सहा अंकांपर्यंत जुळवता येते.

१०. अल्फा परिमेय आहे की अपरिमेय?

हा प्रश्न गणिती स्थिरांकाला विचारता येतो, मोजलेल्या राशीला नाही. आपल्याला दहा-अकरा अंक ठाऊक आहेत. त्या पट्ट्यात असंख्य परिमेय आणि असंख्य अपरिमेय संख्या बसतात, आणि कुठलंही मोजमाप त्यांच्यात निवड करू शकत नाही. उद्या एखाद्या सिद्धान्ताने सूत्र दिलं, तरच या प्रश्नाला अर्थ येईल.

११. पाउलींचा मृत्यू १३७ क्रमांकाच्या खोलीत झाला, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. भौतिकशास्त्रज्ञ वुल्फगांग पाउली डिसेंबर १९५८ मध्ये झुरिकच्या रोटक्रॉइत्स रुग्णालयात होते आणि खोलीचा क्रमांक १३७ होता. भेटायला आलेल्या सहायकाला त्यांनी तो क्रमांक अस्वस्थ होऊन दाखवला होता. १५ डिसेंबरला ते गेले. ज्या माणसाने आयुष्यभर 'हा आकडा का?' असं विचारलं, त्याला ती खोली मिळावी, हे मनाला चटका लावणारं आहे. पण योगायोग म्हणजे पुरावा नव्हे. १३७ चा संबंध हिब्रू अक्षरांच्या बेरजेशी किंवा आपल्याकडच्या अंकशास्त्राशी जोडणारे संदेश येतात, त्यांना एवढंच सांगता येईल की खरी संख्या १३७ नसून १३७.०३५९९९… आहे.

१२. इतक्या अचूकपणे मोजतात तरी कसा?

मुख्य वाटा तीन आहेत, आणि तिन्ही एकमेकींपासून अगदी वेगळ्या.

पहिली वाट रोधाची. १९८० च्या फेब्रुवारीत ग्रनोबलच्या चुंबक प्रयोगशाळेत क्लाउस फॉन क्लिटझिंग अतिथंड सिलिकॉन उपकरणावर काम करत होते. तीव्र चुंबकीय क्षेत्रात हॉल रोध (प्रवाहाला आडव्या दिशेने मोजलेला व्होल्टेज भागिले प्रवाह) सपाट पायऱ्यांनी चढत होता, आणि पायऱ्यांची किंमत २५,८१२.८०७ ओहम भागिले पूर्णांक. नमुना कसा कापला आहे किंवा त्यात किती अशुद्धी आहे, याने काही बिघडत नव्हतं. हा रोध म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले प्रभाराचा वर्ग. पोकळीचा विद्युतचुंबकीय प्रतिरोध ३७६.७३ ओहम. त्याला या रोधाच्या दुपटीने भागा, अल्फा मिळतो. करून पाहा: ३७६.७३ भागिले ५१,६२५.६. फॉन क्लिटझिंग यांच्या मूळ शोधनिबंधाचं शीर्षकच अल्फा मोजण्याच्या नव्या पद्धतीबद्दल होतं. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं.

दुसरी वाट एकट्या इलेक्ट्रॉनची. एकच इलेक्ट्रॉन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात दीर्घकाळ धरून ठेवतात आणि त्याचं चुंबकीय आघूर्ण, म्हणजे तो किती जोराचा चुंबक आहे ते, मोजतात. त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये.

तिसरी वाट धक्क्याची. अणूने प्रकाशकण गिळला की अणू मागे सरकतो. रुबिडियमच्या अणूला मिळणारा हा वेग सेकंदाला जेमतेम सहा मिलिमीटर असतो. तो अणूंच्या व्यतिकरणाने मोजतात. त्यातून प्लांकचा स्थिरांक भागिले अणूचं वस्तुमान मिळतं. मग रिडबर्ग स्थिरांक (हायड्रोजनच्या वर्णरेषांतून मिळणारा) आणि वस्तुमानांची गुणोत्तरं वापरून अल्फा.

१३. वेगवेगळ्या ठिकाणी शेवटचे अंक वेगळे दिसतात. कुठलं खरं?

शिफारस केलेली किंमत दर काही वर्षांनी नव्याने ठरते, म्हणून जुन्या पुस्तकात शेवटचे अंक थोडे वेगळे असणारच. पण खरी अडचण त्याहून खोल आहे. बर्कलीच्या गटाने सीझियम वापरून २०१८ मध्ये १३७.०३५९९९०४६ काढलं. पॅरिसच्या गटाने रुबिडियम वापरून २०२० मध्ये १३७.०३५९९९२०६ काढलं. पद्धत मुळात एकच, तरी फरक दोघांनी सांगितलेल्या अनिश्चिततेच्या पाचपटीहून मोठा आहे. २०२३ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात इलेक्ट्रॉनच्या आघूर्णावरून आलेली किंमत १३७.०३५९९९१६६, म्हणजे पॅरिसच्या जवळची, पण तंतोतंत तीही नाही. सामान्य वापराला याने काहीच फरक पडत नाही. संशोधकांची झोप मात्र याच अंकांनी उडते, कारण नवा कण किंवा नवं बल लपलं असेल तर ते दशांशाच्या याच खोलीत सापडेल.

१४. इलेक्ट्रॉनच्या आघूर्णाशी अल्फाचा संबंध कसा?

डिरॅक यांच्या समीकरणानुसार इलेक्ट्रॉनचा 'जी' गुणक (आघूर्ण आणि स्पिन यांचं नातं सांगणारा आकडा) बरोबर २ यायला हवा. प्रत्यक्षात तो किंचित जास्त आहे. ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये पहिली दुरुस्ती काढली: जास्तीच्या भागाची निम्मी किंमत म्हणजे अल्फा भागिले दोन पाय, ०.००११६१. मोजलेली किंमत ०.००११५९६५. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या दफनभूमीत श्विंगर यांच्या शिलेवर हेच सूत्र कोरलेलं आहे.

पुढची प्रत्येक दुरुस्ती अल्फाच्या आणखी वरच्या घाताची, आणि दर पायरीला कष्ट प्रचंड वाढतात. तोइचिरो किनोशिता आणि सहकाऱ्यांनी अल्फाच्या पाचव्या घातापर्यंत मजल मारली. तिथे १२,६७२ फाइनमन आकृत्यांचा (कणांच्या आंतरक्रिया मांडणाऱ्या चित्रांचा) हिशेब करावा लागला. सिद्धान्त आणि मोजमाप जुळवून उलट दिशेने अल्फा काढतात.

याला जोडून हमखास येणारा प्रश्न: ही श्रेणी अनंतापर्यंत नेली तर उत्तर नेमकं येईल का? फ्रीमन डायसन यांनी १९५२ मध्येच दाखवलं की बहुधा येणार नाही. पदं आधी लहान होत जातात, पण फार पुढे गेल्यावर पुन्हा वाढू लागतात. अल्फा इतका लहान आहे की ती वाढ शंभराच्या पुढच्या पदांत कुठेतरी सुरू व्हावी, म्हणून व्यवहारात आपलं अडत नाही.

१५. जास्त ऊर्जेला अल्फा वाढतो म्हणतात. मग तो स्थिरांक कसा?

पोकळी रिकामी नसते. इलेक्ट्रॉनच्या आसपास क्षणभर उमटणाऱ्या कण-प्रतिकण जोड्या त्याचा प्रभार काहीसा झाकतात. लांबून पाहिलं तर झाकलेला प्रभार दिसतो. जोरदार टक्कर झाली की आपण त्या आवरणाच्या आत जातो आणि प्रभार जास्त भासतो. १/१३७ ही लांबून, म्हणजे शून्य ऊर्जेला दिसणारी मर्यादा आहे, आणि ती स्थिर आहे. झेड कणाच्या ऊर्जेला, सुमारे ९१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला, तोच अल्फा १/१२८ च्या जवळ जातो. जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या एलईपी त्वरकावर ही वाढ प्रत्यक्ष मोजली गेली. तिथल्या एल-थ्री प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गटही सहभागी होता.

काळाप्रमाणे बदल हा याहून अगदी वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी पुढचं उत्तर पाहा.

१६. कोट्यवधी वर्षांपूर्वी अल्फा वेगळा होता का?

आजवरच्या पुराव्यानुसार ठाम बदल सापडलेला नाही. शोध मात्र फार विलक्षण ठिकाणी झाला आहे.

आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथे युरेनियमची खाण होती. १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना तिथल्या खनिजात युरेनियम-२३५ किंचित कमी आढळलं. कारण शोधलं तर कळलं की सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी तिथे आपोआप अणुभट्टी पेटली होती. अलेक्झांडर श्ल्याख्टर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की तिच्या अवशेषातलं समेरियम त्या काळच्या अल्फाची साक्ष देतं. समेरियम-१४९ हे केंद्रक न्यूट्रॉन किती गिळतं, ते अल्फा जरा बदलला तरी खूप बदलतं. अवशेष सांगतात की तेव्हापासून अल्फा एक कोटीत एका भागाहून जास्त हललेला नाही.

दुसरी साक्ष आकाशातली. दूरच्या क्वासारचा (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा) प्रकाश वाटेतल्या वायूच्या ढगांतून येतो आणि त्यावर मॅग्नेशियम, लोह अशा अणूंच्या रेषा उमटतात. अल्फा वेगळा असेल तर प्रत्येक अणूच्या रेषा वेगवेगळ्या प्रमाणात सरकतील. जॉन वेब आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून हवाईतल्या केक दुर्बिणीच्या नोंदींवरून, पूर्वी अल्फा लाखात एका भागाच्या आसपास कमी असल्याचा संकेत मांडला. मोठी खळबळ उडाली. त्याची तपासणी करणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांचे सहकारी होते. चिलीमधल्या व्हीएलटी दुर्बिणीने घेतलेल्या १८ क्वासारांच्या वर्णपटांवरून २००४ मध्ये त्यांनी बदल आढळत नसल्याचं प्रसिद्ध केलं. त्या विश्लेषणावर पुढे वेब यांच्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतले, वाद बरीच वर्षं चालला. आता एस्प्रेसो या नव्या वर्णपटमापकाची निरीक्षणं 'बदल नाही' याच बाजूला आहेत.

तिसरी साक्ष घड्याळांची. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये ॲल्युमिनियम आणि पारा यांच्या आयनांची दोन आण्विक घड्याळं शेजारी चालवली. अल्फा बदलला तर दोघांची गती वेगवेगळी बदलेल. २००८ च्या निष्कर्षानुसार वर्षाला १०^१७ मध्ये काही भागांपलीकडे बदल दिसला नाही. थोरियम-२२९ च्या केंद्रकाला लेझरने उद्दीपित करण्यात २०२४ मध्ये यश आलं. त्यावर आधारलेलं घड्याळ अल्फाच्या बदलाला याहून हजारो पट संवेदनशील ठरेल, अशी अपेक्षा आहे.

१७. अल्फा बदलला तर प्रकाशाचा वेग बदलला असं म्हणावं की प्रभार?

दोन्ही म्हणू नये. वेग मोजायला मीटर आणि सेकंद लागतात, आणि त्यांच्या व्याख्याच स्थिरांकांवर टेकलेल्या आहेत. मीटरची व्याख्या प्रकाशवेगावरूनच होते. म्हणून 'प्रकाशवेग बदलला' या विधानाला एककांच्या निवडीपलीकडे स्वतंत्र अर्थ उरत नाही. प्रयोगाने तपासता येतो तो एककरहित अल्फाचा बदल.

१८. अल्फा थोडा वेगळा असता तर आपण असतो का?

खूप वेगळा असता तर बहुधा नसतो. ताऱ्यांच्या पोटात तीन हेलियम केंद्रकं मिळून कार्बन तयार होतो. त्यासाठी कार्बनच्या केंद्रकाला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टवर एक पातळी असावीच लागते, असं भाकीत फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये केलं आणि ती सापडली. (आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर हे हॉईल यांचेच विद्यार्थी.) ती पातळी कुठे बसेल हे प्रबळ बल आणि विद्युत अपकर्षण यांच्या तोलावर ठरतं. अल्फा सुमारे चार टक्के बदलला तर ताऱ्यांतली कार्बन किंवा ऑक्सिजन यांची निर्मिती फार घटेल, असे हिशेब आहेत. त्यावरून विश्व कुणी मुद्दाम जुळवलं आहे असं सिद्ध होत नाही. बाकीचे स्थिरांकही सोबत बदलले तर काय, हे त्या हिशेबात धरलेलं नसतं.

१९. अणुक्रमांक १३७ नंतर मूलद्रव्यच शक्य नाही, असं वाचलं. खरं का?

प्रश्न ७ मधल्या नियमाने पाहिलं तर अणुक्रमांक १३७ ला आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाएवढा होतो, आणि डिरॅक यांच्या समीकरणातलं वर्गमूळही त्यापुढे ऋण संख्येचं होतं. पण त्या हिशेबात केंद्रक बिंदूएवढं मानलेलं असतं. केंद्रकाला खरा आकार दिला की अडचण १७३ च्या आसपासपर्यंत पुढे ढकलली जाते, आणि तिथेही मूलद्रव्य नाहीसं होत नाही, इलेक्ट्रॉनच्या पातळीचं वागणं बदलतं. आज आपण ११८ व्या ओगानेसॉनपर्यंत पोहोचलो आहोत. त्या भागात केंद्रकाचं अस्थैर्य हीच मोठी अडचण आहे.

२०. नुसत्या डोळ्यांनी अल्फा पाहता येतो का?

जवळजवळ येतो. ग्राफीनचा एक थर, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकेरी पडदा, त्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी पाय × अल्फा एवढा भाग शोषतो: २.३ टक्के. रंग कुठलाही असो. मँचेस्टरच्या गटाने २००८ मध्ये एका बारीक छिद्रावर ग्राफीन ताणून हे दाखवलं. छिद्राचा उघडा भाग, एका थराचा भाग आणि दोन थरांचा भाग अशा तीन छटा छायाचित्रात शेजारी शेजारी दिसतात.

२१. एका पुस्तकात सूत्रात ४ पाय एप्सायलॉन नॉट आहे, दुसऱ्यात नाही. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीत प्रभाराची व्याख्याच अशी आहे की तो भाग प्रभारात सामावतो, म्हणून तिथे प्रभाराचा वर्ग भागिले एच-बार गुणिले प्रकाशवेग एवढंच. कणभौतिकीच्या पुस्तकांत एच-बार आणि प्रकाशवेग दोन्ही १ मानतात, मग उरतं प्रभाराचा वर्ग भागिले ४ पाय. तिथे प्रभार ०.३०३ असा येतो. सूत्रं तीन, उत्तर एकच. फक्त एका पुस्तकातला प्रभार दुसऱ्या पुस्तकाच्या सूत्रात घालू नका, परीक्षेत गुण जातात ते इथे.

२२. २०१९ नंतर म्यू नॉट बदलला म्हणे. मग ४ पाय × १०^−७ लिहायचं की नाही?

२० मे २०१९ पूर्वी म्यू नॉटची (पोकळीच्या चुंबकीय स्थिरांकाची) किंमत व्याख्येने तंतोतंत ४ पाय × १०^−७ होती आणि प्रभार मोजावा लागे. एककांच्या नव्या व्यवस्थेत प्रभार, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशवेग यांच्या किमती व्याख्येने ठरल्या. अल्फा मात्र व्याख्येने ठरवता येत नाही, तो निसर्गाकडे आहे. म्हणून सूत्रात जे उरलं, म्हणजे एप्सायलॉन नॉट आणि म्यू नॉट, ते आता अल्फाच्या मोजमापावरून काढतात आणि अल्फाचीच अनिश्चितता त्यांना लागते. २०२२ च्या किमतींनुसार जुन्या आणि नव्या म्यू नॉटमधला फरक अकराव्या सार्थ अंकात येतो. अकरावी-बारावीची आणि पदवीची सगळी उदाहरणं ४ पाय × १०^−७ घेऊन खुशाल सोडवा. फक्त 'ही किंमत व्याख्येने नेमकी आहे का?' असा एका गुणाचा प्रश्न आला, तर उत्तर 'नाही' असं लिहा.